एमके-वनची सर्दी

चूक तुमची आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायला तुम्हाला जागा उरणार नाही. तुम्ही वर बसता. नेमकं किती वर ते कुणाला ठाऊक नाही, पण परिपत्रकं वरून पडतात आणि खालच्यांना लागतात, यावरून अंदाज येतो. गेल्या जूनमध्ये तुम्ही असंच एक सोडलंत. यापुढे पीएचडी हवी असेल तर संशोधकानं आपला सगळा डेटा, पद्धत आणि उपकरणं संस्थेच्या ग्रंथालयात जमा करावीत. त्यावरून दुसऱ्या कुणी तेच काम पुन्हा केलं तर तोच निकाल यायला हवा. आणि तसा तो येतो, अशा प्रमाणपत्रावर ग्रंथपालानं सही करायला हवी.

इथवर तुमचं कौतुकच आहे. थापा मारून डॉक्टर झालेली माणसं या शहरात पैशाला पासरी आहेत. पण कलम सात तुम्ही कुठल्या तंद्रीत लिहिलंत? ‘वापरलेले प्रत्येक उपकरण, कोणताही अपवाद न करता, ग्रंथालयात प्रत्यक्ष दाखल करून त्यास दाखल क्रमांक द्यावा.’ हे लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे थर्मामीटर असणार. नाजिमा तांबोळीच्या पुढ्यात काय येऊन उभं राहिलं, ते ऐका आता.

नाजिमा पुण्यातल्या एका कांदा संशोधन संस्थेची ग्रंथपाल. वय एक्केचाळीस, रोज खडकीहून स्कूटरवर येणं-जाणं. वडील मन्सूरभाई कारखान्यात तपासनीस होते आणि घरातसुद्धा तपासनीसच होते. दुधाच्या कॅलेंडरवर खाडाखोड झालेली त्यांना चालायची नाही. एक लिटर खोडून दीड केलं तर शेजारी कारण आणि सही लागायची. अशा घरात वाढलेली बाई डेटाच्या कामाला लागली, म्हणजे संशोधकांचे ग्रहच फिरले म्हणायचे.

पूर्वी तिचं काम पुस्तकं देणं-घेणं. तुमच्या परिपत्रकानंतर तिच्या टेबलाशी पेन ड्राइव्ह घेऊन रांग लागायला लागली. पेन ड्राइव्हमधल्या फायलींची नावं काय, तर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’, ‘फायनल सरांनी बघितलेलं’, ‘फायनल सरांनी बघून बिघडवलेलं’. महिन्याभरात नाजिमानं शिपाई बाबुरावांकडून एक पाटी रंगवून घेतली आणि टेबलावर उभी केली: ‘ज्या फायलीचं नाव फायनल आहे ती फायनल नाही. वाद घालू नये.’

तर अक्षता घुले. बारीक चणीची, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी मुलगी. तिचा प्रबंध कांद्याच्या साठवणीवर होता. गोण्या आडव्या रचल्या तर जास्त कुजतात की उभ्या, असा साधा, उपयोगाचा प्रश्न. चौदा महिने तिनं मार्केट यार्डात एका आडत्याच्या वखारीत काढले होते. नाशिकला एका बियाणं कंपनीत तिची नोकरी पक्की झाली होती. फक्त तीस तारखेच्या आत पीएचडीचा कागद दाखवायचा होता, नाहीतर यादीतल्या पुढच्याला जागा. आणि त्या कागदाच्या मध्ये नाजिमाची सही आडवी उभी होती.

पाच तारखेला नाजिमा अक्षताची फाइल उघडून बसली. कांदा आतून कुजलाय की नाही, हे गोणी न फोडता ओळखणारं एक उपकरण अक्षतानं वापरलं होतं. प्रबंधात त्याचं नाव ‘एमके-वन’ आणि पुढं ‘गंधाधारित शोधक, अचूकता सत्त्याण्णव टक्के’. उपकरण आधी सांगणार, मग गोणी फोडून खरं-खोटं बघणार. फाइलमध्ये चारशे छत्तीस गोण्या होत्या. नाजिमानं हिशेब केला. चारशे छत्तीसपैकी तीनशे सत्त्याण्णव बरोबर. म्हणजे एक्याण्णव टक्के. पुन्हा केला. एक्याण्णव. चहा पिऊन केला, तरी एक्याण्णवच.

तिनं अक्षताला बोलावलं.

“अक्षता, सत्त्याण्णव कुठून आणलंस?”

“मॅडम, येतं ना सत्त्याण्णव. सरांनी स्वतः काढलंय.”

“मला येत नाही. आणि मला येत नसेल तर सही येत नाही. हा ‘स’ नावाचा रकाना कसला? छत्तीस ठिकाणी एक लिहिलंय, बाकी सगळीकडे शून्य.”

अक्षतानं ओढणीचा पीळ सोडला. “ते सर्दीचं आहे, मॅडम.”

“कोणाच्या सर्दीचं?”

“एमके-वनच्या.”

ग्रंथालयात शांतता राखावी असं लिहिलेलं असतं, पण इतकी खरी शांतता तिथं आधी कधी पसरली नव्हती. बाबुरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“उपकरणाला सर्दी झाली होती?”

“जानेवारीत. तीन आठवडे. नाकच बंद होतं त्यांचं.”

“त्यांचं?”

“मच्छिंद्रमामांचं.” आणि अक्षता रडायलाच लागली. “मच्छिंद्र कामठे. हमाल आहेत मार्केट यार्डात. मी आधी तसंच लिहिलं होतं, मॅडम, शप्पथ! नाव, गाव, सगळं. सरांनी खोडून एमके-वन केलं.”

त्या छत्तीस गोण्या वगळून नाजिमानं पुन्हा हिशेब केला. चारशेपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी. सत्त्याण्णव टक्के, रुपयासारखे खणखणीत. म्हणजे पोरगी खरी होती. सर्दीचासुद्धा रकाना ठेवणारी पोरगी! आजवर आलेल्या फायलींत असा प्रामाणिक रकाना नाजिमानं पाहिला नव्हता. आणि तो रकाना तेवढा सरांनी तपासलेल्या प्रबंधात कुठं दिसत नव्हता.

सर म्हणजे डॉक्टर शरच्चंद्र दांडगे, अक्षताचे मार्गदर्शक. कोथरूडचे. बुशकोटाच्या खिशाला तीन पेनं, आणि तिन्ही लाल.

“बसा नाजिमाबाई. काय बिघडलं?”

“सर, एमके-वन म्हणजे मच्छिंद्र कामठे, हे लिहायला पाहिजे. आणि सर्दीच्या गोण्या वगळल्या, हेही.”

“प्रबंधात लिहू, उपकरणाला सर्दी झाली होती?”

“थर्मामीटर फुटला तर लिहिता ना?”

“अहो, थर्मामीटरला प्रतिष्ठा असते!” सर कळवळून म्हणाले. “परीक्षक दिल्लीचे. ‘एका हमालानं वास घेऊन सांगितलं’ असं वाचलं असतं, तर पुढचं पान उलटलं नसतं त्यांनी. एमके-वन वाचलं आणि काय विचारलं ठाऊक आहे? ‘हे जपानी आहे का?’”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, स्थानिक बनावटीचं आहे. खोटं बोललो का?”

नाजिमाला हसू आलं, पण तिनं ते स्कूटरच्या डिकीत ठेवावं तसं आत ठेवून दिलं. सहीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी ती सकाळी सव्वासहालाच मार्केट यार्डात हजर झाली, कारण पद्धत लिहायची तर ती डोळ्यांनी पाहायला हवी.

मच्छिंद्र कामठे साठीला टेकलेला माणूस. मूळचा उंड्रीचा, तिथल्या जमिनीवर आता बारा मजले उभे, पण म्हाताऱ्याला वखारीच्या वासाशिवाय करमत नाही. नाक म्हणाल तर चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. देवानं आधी नाक केलं असावं आणि मग धरायला मागं माणूस जोडला असावा.

“म्याडम, थांबा. अजून नाक उघडलं न्हाय,” असं म्हणत तो शेजारच्या मसाल्याच्या गाळ्यावर गेला, हिंगाच्या डबीचं झाकण उघडलं, एक खोल श्वास ओढला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत आला. “हां. आता कुठलीबी गोणी दावा.”

नाजिमानं वहीत लिहिलं: ‘उपकरणाची दैनिक तपासणी: हिंग, एक श्वास, सकाळी सव्वासहा.’

त्यानं गोणीवर तळवा ठेवला, नाक टेकवलं. “चांगली.” पुढची. “चांगली.” तिसरीपाशी थांबला. “कुजकी. बुडाला, डाव्या अंगाला. दोन-तीन कांदं असतील.” फोडली. तीन होते.

“हे तुम्ही कसं ओळखता, मच्छिंद्रमामा?”

“कसं म्हंजी? कुजका कांदा लपत न्हाय. माणूस लपतो.” मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, “ते पोरीचं पुस्तक छापलं का वो? माझं नाव हाय म्हणली व्हती. चौदा म्हयनं नाक दिलंय मी. एक दीस बी तंबाखू खाल्ली न्हाय, वास मरतो म्हणून.”

नाजिमानं त्याला खरं सांगितलं. नाव खोडून एमके-वन केलंय.

मच्छिंद्रनं फोडलेल्या गोणीचं तोंड आवळलं. “हे वन म्हंजी पयला ना?”

“हो.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

पण नाजिमा राहू देणाऱ्यांतली नव्हती. तिनं डेटासोबतच्या माहितीपत्रात सगळं लिहिलं. मच्छिंद्र कामठे, हमाल, छत्तीस वर्षांचा अनुभव, हिंग, तंबाखूबंदी, सर्दीचे तीन आठवडे, वगळलेल्या छत्तीस गोण्या आणि वगळण्याचं कारण. सरांनी ते वाचून तिन्ही लाल पेनं खिशातून काढली, नाजिमाकडं पाहिलं आणि तिन्ही परत ठेवली. आता एकच अडचण उरली, तुमचं कलम सात. म्हणून नऊ तारखेला तिनं तुम्हाला पत्र लिहिलं. अगदी चार ओळींचं. ‘उपकरण एमके-वन ही व्यक्ती आहे. ती ग्रंथालयात दाखल करावी काय? कृपया मार्गदर्शन व्हावे.’

बारा तारखेला तुमचं उत्तर आलं. आठवतंय? नसेल आठवत. ‘कलम सात पाहावे. अपवाद नाही. उपकरण तात्काळ दाखल करून दाखल क्रमांक कळवावा. समिती वीस तारखेस पाहणीस येईल.’ खाली तुमची सही. सहीला दोन वेलांट्या जास्त.

“याचा अर्थ काय, मॅडम?” बाबुरावांनी विचारलं.

“याचा अर्थ वाचणाऱ्यानं पत्र वाचलं नाही.”

“ते सोडा. नोंदवहीत काय लिहू?”

बाबुराव तेहतीस वर्षं दाखल नोंदवही लिहीत होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, दाखल झालेल्या आणि व्हायच्या राहिलेल्या. अठरा तारखेला मच्छिंद्र धुवट टोपी घालून, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन संस्थेत आला, तेव्हा बाबुराव चष्मा पुसून तयार होते.

“दाखल क्रमांक अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरा,” ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले. “लेखक?”

“लेखक नाही, बाबुराव. माणूस आहे.”

“रकाना आहे मॅडम, मोकळा कसा सोडू? आईवडिलांचं नाव टाकतो. आवृत्ती?”

“धाकटा हाय मी,” मच्छिंद्र म्हणाला.

“तिसरी?”

“चवथी.”

“चौथी आवृत्ती. बांधणी?” बाबुरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कापडी. सोबतचं साहित्य? पुस्तकाबरोबर सीडी आली तर इथं लिहितो आम्ही.”

“हिंगाची डबी,” नाजिमा म्हणाली. आता तीही वाहवत चालली होती.

“हिंगाची डबी, एक. आता शिक्का.” इथं बाबुराव अडले. प्रत्येक पुस्तकाला दोन शिक्के असतात. एक पहिल्या पानावर, आणि चोरानं ते पान फाडलं तर ओळख पटावी म्हणून एक आत, गुप्त पानावर. त्यांच्या ग्रंथालयाचं गुप्त पान एकतिसावं. बाबुरावांनी आवाज खाली आणला. “मॅडम, एकतिसावं पान कुठं धरायचं?”

मच्छिंद्रनं बाही वर केली. “मारा हितं. लगीनघरात नवरदेवालाबी हळद लावत्यात.”

“बाबुराव, खबरदार!” नाजिमा ओरडली. शेवटी शिक्का पुठ्ठ्याच्या कार्डावर मारून ते कार्ड नाडीनं मच्छिंद्रच्या गळ्यात घालायचं ठरलं. बाबुरावांनी सवयीनं कार्डाच्या पाठीला चुंबकाची पट्टी चिकटवली, ती नाजिमाच्या लक्षातच आली नाही. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘संदर्भ विभाग. घरी देता येणार नाही.’

दुपारी मच्छिंद्र चहाला निघाला आणि दारातल्या चोरी पकडणाऱ्या यंत्रानं बोंब ठोकली. चाळीस विद्यार्थी वह्या टाकून धावले. मच्छिंद्र दोन्ही हात वर करून उभा. “म्या काय घेतलं न्हाय वो! माझा मीच चाललोय!”

“तोच तर घोळ आहे,” बाबुराव धापा टाकत म्हणाले. “तुम्ही स्वतःलाच घेऊन चाललायत. चिठ्ठी करावी लागेल.”

संध्याकाळी त्याची बायको सरुबाई त्याला न्यायला आली. तीही यार्डातलीच, कांदा निवडणारी. तिनं नवऱ्याच्या गळ्यातलं कार्ड हातात धरून अक्षर अक्षर जुळवत वाचलं. “घरी... देता... येणार... न्हाय.” मग नाजिमाकडं वळून म्हणाली, “बरंच झालं बाई. पर ह्येच्या जेवणाचं तुमीच बगायचं.”

नियमात पळवाट शोधावी लागली. फाटलेलं पुस्तक बांधणीला बाहेर पाठवता येतं, तसं मच्छिंद्रला रोज संध्याकाळी ‘दुरुस्तीसाठी’ घरी पाठवायचं आणि सकाळी परत घ्यायचं. बाबुरावांनी तशी वेगळी वही आखली. पहिल्या दिवसाच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘दुरुस्ती झालेली दिसत नाही.’

वीस तारखेला समिती आली. तिघं होते. त्यातले अध्यक्ष तुम्हीच पाठवलेले, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी इतकं अत्तर लावलं होतं की ते आत येताच मच्छिंद्रनं हिंगाची डबी उघडली.

“एमके-वन कुठं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“ह्यो काय,” मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं कार्ड पुढं केलं.

अध्यक्षांनी कार्ड वाचलं, माणूस पाहिला, पुन्हा कार्ड वाचलं. नाजिमानं तुमचं बारा तारखेचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. तुमची सही पाहून ते सावरले. साहेबाची सही दिसली की साहेबाला धीर येतो.

“ठीक आहे. पण पुनरावृत्ती म्हणजे दुसऱ्या उपकरणानं तोच निकाल आला पाहिजे. याच बनावटीचं दुसरं उपकरण आहे का?”

अक्षताचा चेहरा पांढरा पडला. सर खिडकीबाहेर पाहायला लागले.

“हाय की,” मागून आवाज आला. सरुबाई नवऱ्याचा डबा घेऊन दारात उभी होती. “एकतीस वर्सं ह्येच्या शेजारी बसून तेच करतीय. ह्येला छापून नेलं, मला कुनी इचारलंच न्हाय.”

चाळीस बंद गोण्या वाचनालयात मांडल्या होत्या. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं नंबर घातले. आधी मच्छिंद्र गेला, सरुबाईला तोवर वर्तमानपत्रांच्या खोलीत बसवलं. मग सरुबाई गेली आणि मच्छिंद्रला तिथं बसवलं. दोघांच्या चिठ्ठ्या बाबुरावांनी जमा केल्या, प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का मारून. अध्यक्षांनीही उत्साहात एका गोणीला नाक लावून पाहिलं. त्यांना सात शिंका आल्या आणि निदान काहीच झालं नाही.

चिठ्ठ्या जुळवल्या. चाळीसपैकी एकोणचाळीस सारख्या. फक्त सत्तावीस नंबरची गोणी मच्छिंद्र म्हणाला चांगली, सरुबाई म्हणाली कुजकी.

गोणी ओतली. कांदे लालबुंद, टणटणीत. मच्छिंद्रनं मिशीवर हात फिरवला. सरुबाई खाली बसली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला, एक कांदा काढला आणि अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

“येक कांदा कुजका म्हंजी गोणी कुजकी व्हय गं?” मच्छिंद्र चिडला.

“येकच पुरतो. तुमच्या भनीच्या लग्नात येकच मामा पिऊन आला व्हता. लगीन मोडत आलं व्हतं का न्हाय?”

“त्यो मामा तुझ्याकडचा व्हता!”

“म्हनून तर मला वास आला व्हता आदी!”

उरलेल्या गोण्याही फोडल्या. मच्छिंद्र चाळीसपैकी एकोणचाळीस, सरुबाई चाळीसपैकी चाळीस. अक्षता हसत होती आणि रडत होती. नाजिमानं पेनाचं टोपण काढलं, प्रमाणपत्र पुढं ओढलं आणि आयुष्यात कुठल्याच कागदावर केली नसेल इतक्या आनंदानं सही केली. आता फक्त तुमचा शिक्का राहिला. अध्यक्ष कागद घेऊन गेले. जाताना म्हणाले, “वर कळवतो.”

बावीस तारखेला वरून उत्तर खाली पडलं. ‘व्यक्ती हे उपकरण नव्हे. ती दाखल केलीच कशी, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. दाखल क्रमांक रद्द करावा. प्रमाणपत्र स्थगित.’ खाली तुमची सही. त्याच दोन जादा वेलांट्या.

नाजिमानं ते पत्र फाइलला लावलं. मग बाबुरावांना म्हणाली, “रद्द करा.”

बाबुरावांनी नोंदवही उघडली. “कारण काय लिहू? बाद करायला तीनच कारणं चालतात मॅडम. हरवले, फाटले, वाळवी लागली.”

“यातलं काही झालेलं नाही.”

“तेच म्हणतो. वस्तू सुस्थितीत आहे. मी कालच पाहिली, लाडू खात होती.” बाबुरावांनी पेन खाली ठेवलं. तेहतीस वर्षांत त्यांनी वरचा हुकूम मोडला नव्हता आणि खोटी नोंदही केली नव्हती. आता दोन्ही एकदम जमेना. “मॅडम, मी खोटं नाही लिहिणार. फार तर ‘दुरुस्तीसाठी बाहेर’ ठेवतो.”

तेवढ्यात सरांचा फोन आला. “नाजिमाबाई, सोपं आहे हो. माहितीपत्रातलं ते कामठ्यांचं पान काढून टाका. एमके-वन हे यंत्र होतं, बिघडलं, भंगारात गेलं. वर सगळे खूश होतील, अक्षताला उद्या कागद मिळेल.”

नाजिमानं समोर पाहिलं. अक्षता टेबलापलीकडे उभी होती, तिनं फोनमधलं सगळं ऐकलं होतं. तीस तारीख आठ दिवसांवर होती. नाजिमानं निर्णय तिच्यावर सोडला, कारण नोकरी पोरीची जायची होती, तिची स्वतःची नाही.

अक्षतानं ओढणीचं टोक हातात घेतलं, पिळलं नाही, नुसतं धरलं. “मॅडम, चौदा महिने ते मला रोज विचारायचे, ‘लिवलं का?’ मी रोज म्हणायचे, ‘लिहिलं, मामा.’ पान राहू द्या.”

“सर, पान राहणार,” नाजिमा फोनमध्ये म्हणाली आणि फोन ठेवला.

चोवीस तारखेला तिनं खुलासा पाठवला. म्हणजे खुलासा असा काही नव्हताच. तिनं नऊ तारखेचंच पत्र, त्याच चार ओळी, स्वल्पविरामसुद्धा न बदलता पुन्हा पाठवलं. सोबत तुमची दोन्ही उत्तरं, चाळीस गोण्यांच्या चिठ्ठ्या आणि एक माहितीपत्र. ते माहितीपत्र तुमच्याबद्दल होतं. ‘प्रश्न तोच, कागद तेच, कार्यालय तेच, सही तीच. बारा तारखेचा निकाल: दाखल करा. बावीस तारखेचा निकाल: दाखल केलंच कसं. पुनरावृत्ती होत नाही. आपल्याच परिपत्रकानुसार हे काम ग्राह्य धरता येत नाही.’

मार्केट यार्डातला एक हमाल आणि त्याची बायको, एकमेकांचं तोंड न बघता, चाळीसपैकी एकोणचाळीस वेळा एकच सांगतात. तुम्ही एकटेच आहात, आणि दहा दिवसांत तुमचं तुमच्याशीच जुळत नाही.

आज सत्तावीस तारीख आहे. तिसरं उत्तर अजून आलेलं नाही. मच्छिंद्र कामठे नोंदवहीत ‘दुरुस्तीसाठी बाहेर’ आहे आणि मार्चमधल्या वार्षिक मोजणीला हजर राहायचं त्यानं बाबुरावांना कबूल केलंय. सरुबाई आपला नंबर कधी घालता म्हणून रोज फोन करते. अक्षताची बॅग भरलेली आहे, त्यात एक कागद कमी आहे, आणि तो तुमच्या टेबलावर पडलाय.

तेव्हा लेखी सांगा. त्या कागदावर शिक्का देताय की नाही? बारा तारखेला तुम्ही खरे होता की बावीस तारखेला? आणि या दोन्हींच्या मध्ये तुम्हाला सर्दी झाली असेल तर तेही कळवा, लाजू नका, फाइलमध्ये त्यासाठी रकाना आहे. झाली होती का? होय की नाही?